जुन्या मराठी कथा-कादंबऱ्यांतील बोली कशी वाचावी

पुण्यातल्या एखाद्या जुन्या ग्रंथालयातून साठ-सत्तर वर्षांपूर्वीची ग्रामीण कादंबरी घरी आणली, की पहिल्या दहा-बारा पानांतच आजच्या वाचकाला थोडे अडखळायला होते. निवेदन सरळ समजत जाते. पण पात्रे बोलू लागली की 'म्हंजी', 'व्हय', 'म्होरं', 'करतुया' अशी रूपे येतात, आणि मग वाचक दोनपैकी एक समजूत करून घेतो. एक तर हे त्या गावातले बोलणे जसेच्या तसे टिपलेले आहे असे तो मानतो, किंवा लेखकाने वातावरणनिर्मितीसाठी शुद्ध शब्द थोडे मोडून ठेवले आहेत असे समजून पुढे जातो. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. छापील पानावरची बोली ही लेखकाचा कान, देवनागरी लिपी, छापखान्याच्या सवयी आणि अपेक्षित वाचक यांच्यातील तडजोडीतून आलेली असते. त्यामुळे 'ही बोली खरी आहे का' यापेक्षा ती कोणत्या पात्राला दिली आहे, कोणाला दिलेली नाही आणि निवेदन स्वतः कोणत्या भाषेत उभे आहे, हे प्रश्न विचारल्यास कादंबरीविषयी बरेच अधिक कळते, असे माझे मत आहे.

सुरुवात पुण्यापासूनच करणे योग्य ठरेल, कारण बाकीच्या बोली ज्या मापाने मोजल्या गेल्या ते माप मुख्यतः येथे तयार झाले. प्रमाण मराठी म्हणजे पुण्याची बोली, असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. पेशवाईची राजधानी येथे होती; १८२१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा निघाली आणि तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले; मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामात सहभागी असलेले मेजर थॉमस कँडी यांनी पुण्यात राहून शालेय पुस्तकांच्या भाषेवर अनेक वर्षे हात फिरवला. शाळा, कचेरी, वृत्तपत्र आणि छापखाना या चार ठिकाणी जी भाषा स्थिरावली ती पुण्यातल्या शिकलेल्या, बहुतांशी ब्राह्मण कुटुंबांच्या बोलण्याच्या जवळची होती. त्याच पुण्यात पूर्वेकडच्या पेठांमध्ये, मंडईत, तालमींमध्ये आणि मावळ-मुळशीहून रोज येणाऱ्या माणसांच्या तोंडी वेगळी मराठी होती. तिला प्रमाणभाषेच्या व्याकरणात जागा मिळाली नाही. म्हणजे पुणे हे प्रमाणभाषेचे शहर असले, तरी सगळे पुणे प्रमाणभाषा बोलत होते असे कधीच नव्हते. आणि पुण्याच्या ब्राह्मणी वस्तीच्या सदाशिव पेठेवरून आलेले 'सदाशिवपेठी' हे विशेषण पुढे वाङ्मयीन वादांत ज्या रागाने वापरले गेले, त्याचे मूळ या निवडीत आहे.

कोणत्या माणसाच्या तोंडी कोणती भाषा घालायची, हा प्रश्न मात्र कादंबरीपेक्षा कितीतरी जुना आहे. संस्कृत नाटकात राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलतात, स्त्रिया बहुधा शौरसेनी प्राकृतात बोलतात आणि गाणी महाराष्ट्री प्राकृतात असतात. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात राजाची अंगठी सापडलेला कोळी आणि त्याला पकडून आणणारे शिपाई मागधीत बोलतात. ही त्या माणसांच्या खऱ्या बोलण्याची नोंद नव्हती. कोणत्या दर्जाच्या पात्राने कोणती भाषा बोलावी याचे ते ठरलेले वाटप होते, आणि नाट्यशास्त्रात त्याचे नियमही दिलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात मराठीत कथा-कादंबरी लिहू लागलेले बहुतेक लेखक संस्कृत नाटके वाचूनच मोठे झाले होते. १८८० मध्ये पुण्यातच किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. तेव्हा चाकराने एका प्रकारे बोलावे आणि धन्याने दुसऱ्या प्रकारे, ही कल्पना त्यांना नवीन वाटण्याचे कारण नव्हते.

नवीन होती ती छापलेल्या पानाची मांडणी. 'लीळाचरित्रा'सारख्या जुन्या गद्यात कोण बोलते आहे हे 'सर्वज्ञें म्हणीतलें' अशा शब्दांनी सांगितले जाते. बोलणे कोठे सुरू झाले आणि कोठे संपले हे वाचणाऱ्याने ओळखायचे असते. मराठी गद्यात विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः कँडी यांनाच दिले जाते. या चिन्हांपैकी अवतरणचिन्हाने कादंबरीवर जो परिणाम केला त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. अवतरणचिन्हामुळे एकाच वाक्यात दोन भाषा शेजारी-शेजारी ठेवता येऊ लागल्या: चिन्हाच्या बाहेर लेखकाची प्रमाण मराठी आणि चिन्हाच्या आत पात्राची बोली. बोली आत आली, पण कुंपणासह आली. पुढच्या शंभर वर्षांत मराठी कादंबरीत बोलीचे जे काही झाले, ते पुष्कळ अंशी हे कुंपण कोठे होते आणि ते केव्हा काढले गेले याचीच हकीकत आहे.

'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये आले आणि पहिली मराठी सामाजिक कादंबरी म्हणून ते ओळखले जाते. पण घरगुती बोलणे कादंबरीभर कानावर पडत राहते ते हरिभाऊ आपट्यांपाशी आल्यावर. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून पुण्याच्या 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिची निवेदक यमू आहे आणि ती स्वतःची कहाणी स्वतः सांगते. म्हणजे पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण घरातल्या स्त्रीचे बोलणे येथे अवतरणचिन्हांत अडकलेले नाही. सगळी कादंबरीच त्या बोलण्याच्या लयीवर चालते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हीदेखील एक बोलीच आहे: एका शहरातील, एका जातीतील, एका काळातील स्त्रियांची. 'मी जात्ये', 'मी करत्ये' अशी त्या वर्गातील बायकांच्या तोंडची रूपे आज पुण्यातही जवळजवळ ऐकू येत नाहीत. तरीही बोलीतील कादंबऱ्यांची यादी करताना हरिभाऊंचे नाव कोणी घेत नाही, कारण ज्या बोलीवर प्रमाणभाषेचा शिक्का बसला तिला बोली म्हणण्याची आपली सवय मोडली आहे. बोली म्हणजे दुसऱ्याची भाषा, ही समजूत येथूनच पक्की होते.

आता बोली कागदावर उतरते कशी, ते पाहू. एखादी बोली प्रमाणभाषेपेक्षा तीन पातळ्यांवर वेगळी असते: उच्चार, शब्द आणि वाक्याची घडण. 'आता काय करायचे, मला काही कळत नाही' हे साधे वाक्य घेऊ. कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस 'आता काय करायचं, मला कायबी कळंना झालंय' असे म्हणेल. वऱ्हाड-नागपूरकडचा 'आता काय करा, मले काईच समजून नाई राहिलं' असे म्हणेल. आणि मालवणी माणूस 'आता काय करूचा, माका काय कळणा नाय' असे म्हणेल. येथे उच्चार वेगळे आहेत, हे तर पटकन लक्षात येते. पण खरा फरक त्याच्या खाली आहे. 'मला' या एका अर्थासाठी 'मला', 'मले' आणि 'माका' अशी तीन रूपे आहेत, म्हणजे विभक्तीचा प्रत्ययच बदललेला आहे. नकार देण्याची तऱ्हाही तिन्ही ठिकाणी निराळी आहे: एकीकडे 'कळंना झालंय', दुसरीकडे 'समजून नाई राहिलं', तिसरीकडे 'कळणा नाय'. हा फरक वर्णमालेचा नसून व्याकरणाचा आहे.

जुन्या कथांमध्ये पुष्कळदा या तीन पातळ्यांपैकी फक्त पहिली उचललेली दिसते, कारण ती सर्वांत स्वस्त असते. प्रमाण मराठीतले वाक्य जसेच्या तसे ठेवून 'ण'चा 'न' केला, 'विचार'चा 'इचार', 'वेळ'ची 'येळ' आणि 'आहे'चे 'हाय' केले, की शहरी वाचकाला खेडे दिसू लागते. असे वाक्य ओळखण्याची युक्ती सोपी आहे. त्यातले उच्चार मनातल्या मनात पुन्हा प्रमाण करून पाहावेत. तसे केल्यावर एखाद्या वर्तमानपत्री अग्रलेखात बसेल असे वाक्य तयार झाले, तर लेखकाने बोली ऐकलेली नाही, तिला फक्त कपडे चढवले आहेत असे समजावे. याउलट 'कळंना झालंय' हे वाक्य प्रमाण भाषेत नेताना मुळातूनच नवे करावे लागते. ज्या लेखकाच्या पानांत अशी वाक्ये वारंवार भेटतात, त्याने ती भाषा अंगाखांद्यावर वागवली असण्याची शक्यता अधिक.

याहून सूक्ष्म एक प्रकार आहे आणि तो एकदा दिसला की जागोजागी दिसू लागतो. काही ठिकाणी उच्चार सर्वांचा सारखाच असतो, पण लिहिताना शिकलेल्या पात्राला शुद्ध रूप आणि अडाणी पात्राला अशुद्ध रूप दिले जाते. 'ब्राह्मण' हा शब्द बोलताना बहुतेक सगळे मराठी लोक, अगदी टिळक रस्त्यावरचे निवृत्त प्राध्यापकसुद्धा, 'ब्राम्हण' असेच म्हणतात. तरी प्राध्यापकांच्या तोंडी तो 'ब्राह्मण' छापला जातो. 'एक' या शब्दाच्या सुरुवातीला हलका 'य' पुष्कळांच्या बोलण्यात ऐकू येतो. छापताना 'येक' मात्र केवळ गावकरी म्हणतो. 'करतो आहे' याचे आकुंचन पुण्यात 'करतोय' असे होते आणि साताऱ्याकडे 'करतुया' असे होते. दोन्ही रूपे एकाच प्रक्रियेने झालेली आहेत. पण 'करतोय' हे सुशिक्षित संवादात निमूट खपून जाते आणि 'करतुया' मात्र गावंढळ ठरते. थोडक्यात, वाचकाच्या वर्गाचे बोलणे छपाईत नेहमी इस्त्री होऊन येते आणि इतरांचे चुरगळलेलेच दाखवले जाते.

लिपीच्याही मर्यादा आहेत. 'चमचा' आणि 'चार' यांतील 'च'चे उच्चार वेगळे आहेत, पण अक्षर एकच. 'ज' आणि 'झ' यांचेही तसेच. एखाद्या बोलीत प्रमाणभाषेपेक्षा वेगळा 'च' येत असेल तर देवनागरीत तो दाखवण्याची सोय नाही. हेल तर लिहिताच येत नाही. म्हणून कसबी लेखक हेल सुचवण्यासाठी छोट्या अव्ययांचा आणि संबोधनांचा आधार घेतात. मालवणी 'गो' आणि 'मरे', वऱ्हाडी 'भौ', देशावरचे 'रं', 'गा' आणि 'बा' हे शब्द वाक्यात कोठे बसतात यावरून वाक्य कसे म्हटले गेले असेल ते वाचकाच्या कानात तयार होते. आईला कोणी 'आय' म्हणतो, कोणी 'आये', कोणी 'माय'. एवढ्या एका हाकेनेही प्रदेश कळतो, आणि त्यासाठी बाकीचे शब्द मोडावे लागत नाहीत.

लिपीतला सर्वांत घोटाळ्याचा भाग म्हणजे अनुस्वाराचा टिंब. जुन्या मराठी पुस्तकांत हा टिंब तीन अगदी वेगवेगळी कामे करतो. पहिले काम व्याकरणाचे: 'घरांत', 'मुलांनीं', 'केलें' यांतले अनेक अनुस्वार व्युत्पत्तीला धरून लिहिले जात, देशावर त्यांचा उच्चार होत नसे. दुसरे काम खऱ्या नाकातल्या उच्चाराचे: कोकणपट्टीच्या बोलींत सानुनासिक स्वर जिवंत आहेत आणि तेथल्या पात्रांच्या बोलण्यात ते दाखवायला लेखकाजवळ टिंबाशिवाय दुसरे साधन नसते. तिसरे काम लांबवलेल्या 'अ'चे: 'असं केलं', 'मी म्हटलं' यांत नाकाचा काही संबंध नाही, 'असे केले' या लेखी रूपाचे बोलके रूप दाखवण्यासाठी तो टिंब दिलेला असतो. तिन्ही कामे एकाच पानावर चाललेली असली, तर आजच्या वाचकाला निवेदनातली जुनी 'केलें', 'त्यांत' ही रूपेसुद्धा बोलीची वाटण्याचा संभव असतो. ती तशी नसतात. त्या काळचे ते प्रमाण लेखनच होते.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले; पात्राच्या तोंडच्या बोलण्यात मात्र 'असं केलं' असे सानुस्वार लिहिण्यास मोकळीक दिली. याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे जुनी कादंबरी वाचणाऱ्याने अवश्य लक्ष द्यावे. केशवसुतपूर्वकालीन पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरपूर्वकालीन गद्य मुळाप्रमाणे छापावे, आणि त्यानंतरचे सर्व लेखन नव्या नियमांप्रमाणे छापावे, अशी ती तरतूद आहे. चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली. म्हणजे हरिभाऊंपासून पुढची सगळी कादंबरी या रेषेच्या अलीकडे येते, आणि तिची आज विकत मिळणारी प्रत बहुधा नव्या लेखनात बसवलेली असते. निवेदनापुरते यात विशेष बिघडत नाही. संवादात मात्र मुद्रितशोधकाने टिंब काढताना पहिल्या कामाचा टिंब कोणता आणि दुसऱ्या कामाचा कोणता हे ओळखणे आवश्यक असते, आणि कोकणी उच्चार ठाऊक नसलेल्या माणसाकडून ही ओळख चुकणे अगदी स्वाभाविक आहे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती हाती लागल्या, तर संवादांची चार पाने शेजारी ठेवून पाहावीत.

उच्चार आणि लिपी यांच्यापेक्षाही बोलीची वाटणी अधिक बोलकी असते. जुन्या शहरी कथांमध्ये बोली प्रामुख्याने घरगडी, मोलकरीण, टांगेवाला, शिपाई अशा लहान भूमिकांना मिळते, आणि ती मिळण्याचे कारण बहुतेक वेळा विनोद हे असते. पात्र काय सांगते आहे त्यापेक्षा ते कसे बोलते यावर वाचकाने हसावे, अशी त्यामागची योजना असते. त्याच कथेत खेड्यातून आलेली एखादी सद्गुणी, सोशिक तरुणी असेल तर ती पुष्कळदा स्वच्छ प्रमाण मराठी बोलते, जणू दुःख करायचे म्हटले की व्याकरण आपोआप सुधारते. लेखकाला तिच्याविषयी सहानुभूती निर्माण करायची असते आणि बोलीतून ती निर्माण होईल असा त्याला विश्वास नसतो. एकाच आईच्या दोन मुलांपैकी खलनायक बोलीत आणि नायक प्रमाणभाषेत बोलत असेल, तर ती चूक समजून सोडून देऊ नये. लेखकाच्या मनातली दर्जाची उतरंड तेथे उघडी पडलेली असते.

या वाटणीवर सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे आक्षेप पुण्यातूनच घेतला गेला होता. १८८५ मध्ये पुण्यात भरलेल्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांनी नाकारले आणि त्या मंडळींच्या सभांचा व पुस्तकांचा आमच्याशी मेळ बसत नाही, अशा आशयाचे पत्र पाठवले. ते पत्र केवळ भाषेविषयी नव्हते. पण पुस्तके कोणाच्या जगण्याविषयी आणि कोणाच्या शब्दांत लिहिली जातात, हा प्रश्न त्यात होता. फुल्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी 'बळीबा पाटील' ही कादंबरी लिहिली आणि ग्रामीण कादंबरीचा आरंभ पुष्कळ अभ्यासक तेथून मानतात. १९०३ मध्ये धनुर्धारी यांची 'पिराजी पाटील' आली. मधल्या काळात खेडे हा विषय मराठी कथेत अधूनमधून येत राहिला, पण त्यातल्या खेड्याला पुष्कळदा शहरातून सुट्टीला आलेल्या पाहुण्याची नजर होती. श्री. म. माटे यांचे 'उपेक्षितांचे अंतरंग' १९४१ चे. पुण्यात राहणाऱ्या, अस्पृश्यांच्या वस्त्यांत जाऊन काम करणाऱ्या या लेखकाने समाजाच्या कडेला पडलेली माणसे कथेच्या मध्यभागी आणली, आणि त्यांचे बोलणे हसण्याचा विषय उरला नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत परिस्थिती फार वेगाने बदलली. ज्यांचे बालपण त्या-त्या मुलखात गेले असे लेखक लिहू लागले, आणि त्यांपैकी कित्येक जण पुढे पुण्यात येऊन राहिले. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ मध्ये आणि 'बनगरवाडी' १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. 'बनगरवाडी'ची योजना येथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तिचा निवेदक हा धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला तरुण शाळामास्तर आहे. मास्तर असल्यामुळे त्याचे निवेदन साध्या प्रमाण मराठीत असणे अगदी रास्त ठरते, आणि वाडीवरच्या माणसांचे बोलणे तो बाहेरून ऐकतो आहे हेही वाचकाला मान्य असते. निवेदन आणि संवाद यांच्यातली जी फट इतर कादंबऱ्यांत लेखकाच्या वर्गामुळे पडलेली असते, तिला येथे कथानकातूनच कारण मिळालेले आहे. मास्तर हळूहळू वाडीत मुरत जातो, त्याबरोबर दोन भाषांमधले अंतरही वाचकाला कमी-कमी जाणवते.

कोकणात श्री. ना. पेंडसे यांचे 'गारंबीचा बापू' १९५२ मध्ये आले. गो. नी. दांडेकरांच्या 'पडघवली'त १९५५ मध्ये घरातली स्त्रीच निवेदक झाली आणि कोकणी घरातले शब्द अवतरणचिन्हाबाहेर पसरले. विदर्भात उद्धव शेळके यांची 'धग' १९६० मध्ये आली. कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी ही वर सांगितलेल्या तिन्ही पातळ्यांवर बोली आहे, आणि तिच्यातून येणारे दारिद्र्याचे, अपमानाचे, चिवटपणाचे बोलणे वाचताना कोणाला हसू येत नाही. पुण्यातल्या वाचकाला 'मले' आणि 'तुले' ही रूपे पहिल्या काही पानांत खटकत असतील. पण कादंबरी त्याच्यासाठी थांबत नाही, आणि थांबत नाही हेच तिचे बळ आहे. तीन वर्षांनी आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त उलट प्रवास दिसतो: खानदेशातून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या सुसंस्कृत मराठीकडेच परक्या कानाने ऐकतो.

याच काळात एक अनिष्ट गोष्टही घडली. माडगूळकर, शंकर पाटील, अण्णा भाऊ साठे आणि पुढे आनंद यादव हे सगळे सातारा-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यातले. तमाशाप्रधान मराठी चित्रपटांचे घर कोल्हापूर. यामुळे त्या पट्ट्यातली 'हाय', 'न्हाई', 'व्हय', 'रं' ही रूपे म्हणजेच 'ग्रामीण मराठी' असे समीकरण पुण्या-मुंबईच्या वाचक-प्रेक्षकांच्या मनात बसले. मग सामान्य वकुबाचे लेखक औरंगाबादेकडच्या किंवा जळगावकडच्या शेतकऱ्यालाही तीच भाषा बोलायला लावू लागले. कोठलेही खेडे नसलेली अशी ही खेड्याची बोली आजही मालिकांमध्ये सुखाने नांदते आहे. एखाद्या जुन्या कथेत गावाचे नाव मराठवाड्यातले आणि क्रियापदे वारणाकाठची आढळली, तर लेखकाने ती माणसे पाहिली होती की चित्रपट पाहिला होता, असा प्रश्न विचारायला हरकत नाही.

अवतरणचिन्हाचे कुंपण पूर्णपणे निघाले ते १९७१ मध्ये. त्या एकाच वर्षी आनंद यादव यांची 'गोतावळा' आणि रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' प्रसिद्ध झाली. 'गोतावळा' शेतावरचा सालगडी नारबा सांगतो आणि 'पाचोळा' एका शिंप्याची बायको पार्वती सांगते. एकात कागलकडची बोली आहे, दुसरीत मराठवाड्याची. दोन्हींत संवाद तर बोलीत आहेतच, पण निवेदनही बोलीत आहे. याचा परिणाम केवळ भाषेपुरता नाही. निवेदन प्रमाणभाषेत असते तेव्हा पात्राच्या मनात काय चालले आहे ते लेखक आपल्या शब्दांत सांगतो, म्हणजे शेतमजूर बोलतो बोलीत आणि विचार मात्र करतो पुणेरी मराठीत. नारबा जनावरांकडे, पिकाकडे, येऊ घातलेल्या ट्रॅक्टरकडे ज्या शब्दांनी पाहतो, त्या शब्दांबाहेर त्याचे जग नाही; म्हणून समजावून सांगणारा मध्यस्थ तेथे उरत नाही. वाचकाला त्रास होतो हे खरे, आणि शेवटी शब्दसूची देण्याची पद्धतही त्यामुळेच पडली. मात्र ज्या कादंबरीत सूची वाचल्याशिवाय पान उलटत नाही, तेथे लेखकाचे संदर्भ देण्याचे कसब कमी पडले असे म्हणावे लागेल. 'गोतावळा'त बहुतेक अनोळखी शब्द तीन-चार वाक्यांत आपोआप उलगडतात.

एवढे सगळे ध्यानात घेतल्यावर कादंबरीतली बोली भाषेचा पुरावा म्हणून वापरता येईल का, हा प्रश्न उरतो. पडताळणीची साधने आपल्याकडे बरी आहेत. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ चा आहे आणि त्यात बायबलमधील उधळ्या मुलाच्या एकाच दृष्टान्ताची निरनिराळ्या बोलींतील रूपांतरे दिलेली आहेत, त्यामुळे तुलना सोपी होते. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात कुडाळी, महाडकडची कुणबी, वारली अशा बोलींची स्वतंत्र वर्णने प्रसिद्ध केली. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेतले, त्यातली गावोगावच्या लोकांची ध्वनिमुद्रणे संकेतस्थळावर ऐकता येतात. एखादी कादंबरी वाचता वाचता त्याच जिल्ह्यातले ध्वनिमुद्रण ऐकले, तर लेखकाने काय घेतले आणि काय सोडले ते बरेचसे कळते. मात्र दोहोंत फरक दिसला म्हणजे लेखक चुकला असे लगेच ठरवू नये, कारण मधल्या पन्नास-साठ वर्षांत शाळा, रस्ते आणि दूरदर्शन यांनी त्या गावचे बोलणेही बदललेले असते. शंका आल्यास निकाल विभक्तीवरून, क्रियापदावरून आणि नकाराच्या रचनेवरून करावा. 'नाही' हा शब्द एकाच प्रकरणात 'न्हाई', 'नाई' आणि 'न्हाय' असा तीन तऱ्हांनी छापलेला असेल तर तो लेखकाचा कानही असू शकतो आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याचा हातही, त्यामुळे त्यावरून फारसे काही ठरत नाही.